साबण वाळला तर

दि. ६ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. आम्ही इकडे बरे आहोत. पत्राच्या पहिल्या ओळीत माणसानं जितकं बरं असावं लागतं, तितके तरी आहोतच. थंडीनं हिचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांच्या वतीनं ही कुरकुरते. पोरीचा अभ्यास नीट चाललाय असं ती म्हणते, आणि आपण विश्वास ठेवायचा. देवाची कृपा आहे.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. फोनपेक्षा हे बरं. फोनवर तू सारखं "काय, काय" करतेस, मी ओरडतो, दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून बघतात आणि केस कापताना मला त्यांच्या माना सरळ हव्या असतात. कानातलं यंत्र तू अजून डबीतच ठेवतेस असं दाजी सांगत होते. डबीला ऐकू येऊन काय उपयोग?

आप्पांचं सगळं वाचलं. कंबरेचं हाड जुळलं, जेवतात, चिडतात, म्हणजे माणूस ताळ्यावर येतोय. दाढीचं वाचून मात्र वाईट वाटलं. इतके दिवस सगळ्यांचं लक्ष हाडाकडे. दाढी आपली वाढत राहिली. आता तिच्याखाली गळ्याला पुरळ उठलंय, आणि डॉक्टर म्हणतात आधी ती साफ उतरवा, नाहीतर मलम कातडीपर्यंत पोचणार कसं. दाजींनी विजेचं यंत्र आणलं तर "गवत बाहेर अंगणात आहे" म्हणाले. घरी बोलावलेल्या कारागिरानं वस्तरा कसा धरलाय तेवढं बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "धाकट्याला बोलवा," एवढंच म्हणतात. आप्पांनी स्वतः जन्मभर लोकांच्या दाढ्या केल्या, तेव्हा त्यांना कुणाचाही हात चालणार नाही हे खरंच.

मी येणार, नक्की येणार. पण सध्या दुकानात गर्दी आहे. एका खुर्चीची पाठ मोडली आहे, ती दुरुस्तीला दिली आहे. भागीदाराला एकट्याला सोडून येणं जिवावर येतं. भागीदार म्हणजे आमचा मौनीबाबा. तू त्याला पाहिलं आहेस. झोपेतसुद्धा ज्याचं तोंड बंद नसतं म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. एकटा असला की एका कटिंगला तो अख्ख्या जगाचा कारभार सांगून होईपर्यंत कैची हवेतच ठेवतो.

माझ्या छातीचं विचारलंस. ठीक आहे. अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग जरा सामसूम, आणि पुढचा ठोका आतून कुणी दार ढकलावं तसा. कधी कधी अख्खं हृदयच सुटतं, दावं तोडलेल्या वासरासारखं पळतं आणि दमलं की आपलं आपण उभं राहतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. तारा लावून एक पेटी गळ्यात अडकवली आणि दिवसभर तशीच वागवायला लावली. हृदयाची बांधणी चांगली आहे, झडपा चांगल्या आहेत, चाल तेवढी बिघडली आहे, असं निघालं. गोळी दिली, चहा अर्ध्यावर आणला. चक्कर येऊन पडलात तर मात्र तडक या, म्हणाल्या. "यानं तुम्ही मरणार नाही, पण हे पूर्ण जाईल असंही मी म्हणणार नाही." मला बहुतेक त्यातलं दुसरं अर्धंच ऐकू आलं असावं.

तुला हसायला एक गोष्ट लिहितो. दाढी करताना गळ्याची कातडी डाव्या अंगठ्यानं ताणावी लागते, हे तू आप्पांना करताना लहानपणापासून बघितलंच आहेस. अंगठा जिथे टेकतो तिथेच खाली शीर उडत असते. हे दुखणं लागल्यापासून मला एक खोड लागली. लोकांच्या शिरा कशा सुरळीत उडतात ते मी अंगठ्यानं गुपचूप बघायचो. बघून मलाच बरं वाटायचं. तर एकदा शेजारचा शिंपी खुर्चीत होता आणि त्याची शीर चुकली. पुन्हा चुकली. मी त्याच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं. फेसाखाली तो इतका पांढरा झाला की फेस कुठे संपतो ते कळेना. दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात दिवसभर पडून राहिला, सगळ्या तारा लावून घेतल्या, आणि घोड्यासारखा ठणठणीत निघाला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या हसायच्याच थांबेनात. म्हणाल्या, अंगठ्यानं नाडी कधी बघू नये, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. शिंप्याच्या गळ्यावर मी माझंच हृदय वाचत होतो.

तेव्हापासून शिंपी दुकानात आला की आधी मान पुढे करतो आणि विचारतो, "बघ रे, आहे की गेलो?"

हल्ली दाढ्या मौनीबाबाच करतो. मी कापण्याचं बघतो. माझ्या डोळ्यांना ते बरं पडतं.

गर्दी ओसरली की येतो. तोवर आप्पांना कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसत जा.

यायला निघालोच आहे असं समजावं, असा
तुझा भाऊ


दि. १९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. मजकूर एवढासा आणि खालची जागा कोरी. लहानपणी रागावलीस की तू अशीच गप्प बसायचीस. "तुझ्या दुकानात खुर्च्या दोन. त्यातली एक मोडलेली. गर्दी बसते कुठे? खरं काय ते लिही." हे वाचून ही म्हणाली, तुमची बहीण वकील व्हायला हवी होती.

खरं लिहितो. घाईनं वाचू नकोस.

शिंप्याची गंमत झाली ती पावसाळ्याच्या शेवटी. ती तुला लिहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी जे झालं ते लिहिलं नाही.

एक परगावचा माणूस आला. नवा शर्ट, घडी मोडू नये म्हणून जपून बसत होता. कुठल्याशा मुलाखतीला जायचं होतं. मान मागे टाकली आणि फेस लावता लावता झोपला. ताई, आपल्या धंद्यात हे रोजचं आहे. अनोळखी माणूस येतो, गळा उघडा टाकतो, डोळे मिटतो. मला इतक्या वर्षांत त्यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं. उजवा गाल झाला. हनुवटीखाली आलो. आणि छाती सुटली.

हात हलला नाही. हे मी देवाला साक्षी ठेवून लिहितो. पण आता हलेल, असं एकदा मनात आलं, आणि त्यानंतर वस्तरा मला माझ्या हातात दिसेना, त्याच्या गळ्यात दिसायला लागला. मी वस्तरा मिटला, मागच्या बाजूला गेलो आणि टॉवेल वाळत घालतो तिथे बादली पालथी घालून बसलो. मौनीबाबानं बघितलं. जन्मात पहिल्यांदा तो काही बोलला नाही. माझ्या जागी उभा राहिला आणि ती दाढी पुरी केली. तो माणूस जागा झाला, आरशात बघून खूश झाला, आणि "हात हलका आहे तुमचा" असं मौनीबाबाला सांगून गेला. त्याला अजून काही माहीत नाही. नोकरी लागली असली म्हणजे झालं.

त्या दिवसापासून मी वस्तरा धरलेला नाही.

डोळ्यांचं खोटं. खुर्ची मात्र खरंच मोडली आहे.

आता सुरू केलंय तर सगळंच लिहितो. तो छातीतला प्रकार म्हणजे थोडा वेळ येणारा पाहुणा आहे. तो येतो, जातो. त्याची वाट बघणं मात्र दिवसभर चालतं. जिना चढताना, गिऱ्हाइकाला "किती बारीक करू" विचारताना, भात कालवताना. आता येईल का, मघाशी आला तो तोच का, आज अजून आला नाही म्हणजे एकदम मोठा येणार का. उजव्या हाताला जरा मोकळं सोडलं की तो डाव्या मनगटावर जाऊन बसतो. ही म्हणते, घड्याळ बांधलंय का तिथं, सारखं काय बघता? बाजारात चालता चालता मी थांबतो आणि दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं करतो. त्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मला पाठ झाल्या आहेत.

सगळ्यात वाईट वाटतं ते हे. सकाळी अंघोळ करून मी देवापुढे बसतो, ते तुला माहीत आहे. मागणं कधी काही नसतं. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं तेवढंच, मनातल्या मनात नाव घ्यायचं आणि उठायचं. हल्ली नाव घ्यायला बसतो आणि थोड्या वेळानं ध्यानात येतं की मी नाव घेत नाही, ठोके मोजतोय. देवापुढे बसून स्वतःलाच ओवाळून घेतल्यासारखं वाटतं. मग उठतो.

आणि अशात तू म्हणतेस, आप्पांच्या गळ्याशी वस्तरा धर.

म्हाताऱ्या माणसाची कातडी कशी होते ते मी जाणतो. पातळ, सैल, घडीघडीची. कितीही ताणली तरी ओघळते. त्यात खाली पुरळ. धडधाकट मनाच्या कारागिरानंही दोनदा विचार करावा असा तो गळा आहे. आणि तो आप्पांचा आहे. मला जमायचं नाही, ताई.

मी असं म्हणतो की मौनीबाबाला पाठवतो. वस्तरा तो अगदी माझ्यासारखा धरतो. आप्पांनी मला शिकवलं तसंच मी त्याला शिकवलंय, म्हणजे हात आप्पांच्याच घराण्याचा झाला. जाण्यायेण्याचा एक दिवस, बाकी काही नाही. बोलून बोलून आप्पांना झोपवील तेवढाच धोका. तू हळूच विचारून बघ. माझं यातलं काही त्यांना सांगू नकोस. अंथरुणावर पडलेल्या माणसाला आपलं ओझं कशाला?

रागावली नसशील तर लिही. रागावली असशील तरी लिही.

तुझा भित्रा भाऊ


दि. ३० जानेवारी

प्रिय ताई,

तुझं मोठं पत्र पोचलं. एकदा दुकानात वाचलं, एकदा घरी. "भित्रा काय लिहितोस, विहिरीत पहिली उडी कुणी मारली होती" असं तू लिहिलंस. उडी मी मारली खरी, पण मला ढकललं कुणी होतं ते तू सोयीनं विसरलीस.

आप्पांचं वाचून चकित झालो. तू मौनीबाबाचा विषय काढायच्या आधीच ते "तो बोलका नको, सांगून ठेवतो" म्हणाले? तू म्हणतेस तसं, म्हाताऱ्या माणसाला काही गोष्टी न सांगता कळतात की काय कोण जाणे. आणि पुरळ कानापर्यंत पसरलंय, खाजवून रक्त काढतात, हे वाचलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलो.

मग मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. इतक्या महिन्यांत त्यांना जो प्रश्न विचारायचा होता तो मी विचारलाच नव्हता. वस्तरा धरू का, असा सरळ विचारला. उत्तर "नको" येईल या भीतीनं विचारत नव्हतो, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. खुर्चीत बसल्यावर कळलं की भीती "धरा" म्हणतील याची होती.

त्यांनी विचारलं, हात हलला होता का? म्हटलं, नाही. त्याआधी कधी? नाही. डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणं? तेही नाही. "मग हात तुमचा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला कशाची शिक्षा देताय?" पुढे त्यांनी समजावून सांगितलं. छाती पळायला लागली तर वस्तरा बाजूला ठेवायचा, बसायचं, थंड पाणी तोंडावर मारायचं, श्वास लांब सोडायचा. ते जाईल. अंधारी आली तर त्या दिवशी काम बंद. आणि नाडी बघणं सोडायचं. दर वेळी मनगट धरलं की आपण शरीराला सांगतो, घरात चोर शिरलाय. मग ते बिचारं जागं राहतं. हे सोडणं एकट्यानं जमत नाही, म्हणून त्यांच्याच दवाखान्यातल्या एका बाईंकडे मी आठवड्यातून एकदा नुसतं बोलायला जायचं ठरलंय. बोलणं हेही औषध आहे, असं म्हणाल्या. मौनीबाबाला सांगितलं तर म्हणतो, मग मी एव्हाना अमर व्हायला पाहिजे होतो.

त्या बाईंकडे एकदा जाऊन आलो. फार काही झालं नाही. त्यांनी विचारलं, मनगटावर जाणारा हात आधी काय करायचा? मी म्हटलं, काम. एवढंच लिहून घेतलं त्यांनी.

काल शिंपी आला. मौनीबाबाला हातानं बाजूला सारून माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, "गाल देतो. गळा अजून देत नाही. एकदा तू मला फुकट मारलेला आहेस." सगळं दुकान हसलं, मीसुद्धा. वस्तरा उघडला तेव्हा तळहाताला घाम होता. टॉवेलला पुसला. गाल झाले, वरचा ओठ झाला. जबड्याच्या कडेशी आलो आणि वस्तरा मौनीबाबाच्या हातात दिला. शिंपी आरशात बघून म्हणाला, एका दाढीला दोन कारागीर, राजेमहाराजे आहोत आम्ही.

ताई, मी पुढच्या रविवारी येतो. हत्यारं बरोबर आणतो. दाढीचं वचन देत नाही, येण्याचं देतो. जबड्यापर्यंत मला जमतं. त्याच्या खाली काय होईल ते तिथे गेल्यावर बघू. आणि नाहीच जमलं तर मला तसं स्पष्ट म्हणता यावं, एवढं माझ्यासाठी देवाकडे माग.

तुझा, थोडा कमी भित्रा
भाऊ


दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तू दिलेले पेरू हिनं आणि मौनीबाबानं वाटून खाल्ले, मला एक दाखवला.

तू विचारलंस, खोलीत काय झालं. मी "झाली दाढी" एवढंच म्हणालो आणि तुझ्या डोळ्यांत पाणी बघून पुढचं बोललो नाही. शिवाय तुझ्या कानात ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितो. तू मुद्दाम गच्चीवर गेलीस हे मला कळलं होतं. वाळलेले कपडे काढून पुन्हा वाळत घालत होतीस ना, दोरीचा आवाज खाली येत होता.

आधी कैचीनं दाढी उतरवली. आप्पांच्या छातीवर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर पांढऱ्या कापसासारखा ढीग झाला. त्यांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, उशी होईल. मग गरम टॉवेल, मग साबण. वस्तरा उघडला तेव्हा एक डोळा उघडून माझी पकड बघितली. काही बोलले नाहीत, म्हणजे पास झालो. गाल उतरवले. खूप दिवसांनी त्यांचे गाल बघितले, आत गेलेत. जबड्याशी आलो.

तिथे मी थांबलो. पुन्हा साबण लावायला घेतला. ब्रश फिरवतोय, फिरवतोय. आप्पा डोळे मिटूनच म्हणाले, किती घोटशील, ब्रशाचे केस गळतील. मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला एक सांगायचंय.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

ताई, आता हे तू शांतपणे वाच. तुला वाटतं तू पत्रं मनात वाचतेस. तू ती मोठ्यानं वाचतेस. ऐकू येत नाही म्हणून तुला कळत नाही. स्वयंपाकघरात बसून वाचलेलं माझं प्रत्येक पत्र पलीकडच्या खोलीत आप्पांनी शब्दन्‌शब्द ऐकलंय. "सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," असं म्हणाले. मौनीबाबाला त्यांनी आधीच नकार का दिला, ते आता तुलाही उमगेल. परगावचा माणूस, पालथी बादली, सगळं ऐकून ते पडून होते, आणि रोज "धाकट्याला बोलवा" म्हणत होते. कान भयंकर तिखट आहेत त्यांचे. दाजींना जपून बोलायला सांग.

मी ब्रश हातात घेऊन तसाच उभा. त्यांनी विचारलं, करंगळी कुठे टेकवतोस? कामाला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारला होता. दाढी करताना वस्तऱ्याच्या हाताची करंगळी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर टेकवून ठेवायची असते, म्हणजे हात अधांतरी राहत नाही. मी म्हटलं, तुमच्या गालावर.

"मग झालं तर," आप्पा म्हणाले. "हात माझ्या गालावर टेकलाय. तुझ्या छातीवर नाही. मी हलत नाही. छातीला पळायचंय तर पळू दे."

मी करंगळी टेकवली. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणली. अंगठ्याखाली काहीतरी उडत होतं, माझं की त्यांचं ते मी बघितलं नाही. हनुवटीखालून पहिला हात घेतला. दुसरा घेतला. पुरळावरून वस्तरा जवळजवळ झोपवून नेला. डाव्या बाजूला वळलो आणि ते आलं. शिंक येण्याआधी कळतं तसं कळलं, आणि छाती सुटली.

वस्तरा उचलला, मिटला, खिडकीत ठेवला. म्हटलं, आप्पा, आलं.

"बरं," ते म्हणाले. पाहुण्याला म्हणावं तसं.

तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं. पलंगाच्या कडेला बसलो. श्वास लांब सोडत राहिलो. उजवा हात निघालाच होता मनगटाकडे. आप्पांनी डोळे मिटलेलेच, चाचपून साबणाची वाटी माझ्या हातात दिली. धर म्हणाले. मी वाटी धरून बसलो. कपड्यांची दोरी वर करकरत होती. आप्पांच्या गळ्यावरचा फेस वाळायला लागला, त्याला भेगा पडल्या. मला लाज वाटायला लागली. तोच तो परगावचा माणूस, तीच अर्धी दाढी. म्हटलं, आप्पा, साबण वाळला.

"वाळला तर पुन्हा लावायचा," ते म्हणाले. "त्यात काय? मी काय थोड्या दाढ्या मध्येच थांबवल्या? शिंक यायची, ढास लागायची, तुझी आई हाक मारायची. गिऱ्हाईक बसून राहायचं. अर्ध्या दाढीनं जाणार कुठे ते?"

मी हसलो. छाती पळत असताना हसू येतं हे मला ठाऊक नव्हतं.

इतके महिने मला वाटत होतं की माझ्या हातून थांबणं झालं ते मोठं पाप झालं. आप्पांच्या लेखी थांबणं हा कामातलाच भाग. मी उठलो, ब्रश ओला केला आणि साबण लावायला सुरुवात केली. गोल, सावकाश, लहानपणी त्यांनी शिकवलं तसा. लावता लावता ओठांत नाव आलं. मी घेतलं नाही, ते आलं. पुष्कळ दिवसांनी दुसऱ्या गावाहून कुणी न कळवता यावं, तसं. मग वस्तरा उघडला आणि डावी बाजू पुरी केली.

छाती कधी थांबली ते मी तुला सांगू शकत नाही. मी पाहिलंच नाही. हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.

मलम लावलं तेव्हा झोंबलं असणार, पण चेहरा हलू दिला नाही. गिऱ्हाईक म्हणून ते अवघड आहेत, पण बसणं नमुनेदार. दाढी उतरलेल्या चेहऱ्यानं किती लहान दिसतात, नाही?

तुला खोटी आशा लावत नाही. परवा बसमध्ये आलं, काल जिन्यावर आलं. गोळी चालू आहे, त्या बाईंकडे जाणंही चालू आहे. मनगटावर हात अजून जातो. जाताना मला दिसतो, एवढा फरक. काल दुकानात शिंप्यानं मान मागे टाकली आणि नुसता डोळा मारला. मी त्याची दाढी एकट्यानं केली. गळ्याशी एकदा थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा साबण लावला. तो म्हणाला, आज साबण जास्त झाला. मौनीबाबानं त्याला साबणावर भाषण दिलं.

एक लिहायचं राहिलं. दाढी झाल्यावर आप्पांना आरसा दिला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. उलट्या बोटांनी स्वतःचा जबडा चाचपला, खालून वर, माझं काम तपासायचे तसाच. डाव्या कानाखाली बोटं थांबली. "इथे राहिलंय," म्हणाले. मी वाकून बघितलं, खरंच एक खुंटांचा ठिपका राहिला होता. लगेच वस्तरा उचलला. त्यांनी हातानं थांबवलं. "आज राहू दे. पुढच्या खेपेला घे." आणि झोपले.

मी हत्यारं पुसली, पिशवीत भरली, तुझ्या हातचा चहा प्यायलो, निघालो. बस गावाबाहेर आल्यावर माझ्या डोक्यात आलं. आपल्या बापानं जन्मात कुणाला काही राहिलेलं ठेवून खुर्चीवरून उठू दिलेलं नाही.

येत्या रविवारी पहिल्या बसनं येतो. या वेळी गच्चीवर जाऊ नकोस. खोलीतच बस, फक्त माझा उजेड सोडून.

कानाखालचं काम बाकी असलेला
तुझा धाकटा भाऊ